पाणी आम्ही उचलू, मेंढा तू निवड

मागच्या महिन्यात डोंबिवलीहून एका मुलीचा ईमेल आला. वडील ७३ वर्षांचे. तरुणपणी सह्याद्रीत भरपूर भटकलेले, आता गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना एकदा परत हरिश्चंद्रगडावर जाऊन कोकणकड्यापाशी बसायचं आहे. जुने ट्रेकवाले मित्र म्हणतात, आम्ही नेतो. मुलीने नाही म्हटलं, आणि तेव्हापासून बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलतात. 'मी चुकले का? काही झालं तर जबाबदार कोण?' असं तिने विचारलं होतं.

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. गड नसतो तेव्हा नर्मदा परिक्रमा असते, वारी असते, नाहीतर एकट्याने गावी जाऊन राहायचं असतं. मी फिनिक्सला, अ‍ॅरिझोनात, वयस्क माणसांचं आणि त्यांच्या कुटुंबांचं समुपदेशन करते. तिला उत्तर लिहायला बसले तेव्हा डोळ्यांसमोर आले ते इथलेच एक म्हातारे शिकारी. त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते आहे.

ते ऑगस्टमध्ये आले. वय ७६, आयुष्यभर विजेच्या तारांचं काम केलेलं, बायको जाऊन चार वर्षं झालेली. हृदयात एक स्टेंट. झोप लागत नाही म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे मी परत करणार आहे."

पाकिटात वाळवंटी बिगहॉर्नच्या शिकारीचा परवाना होता. इथे त्याला सगळे टॅग म्हणतात. बिगहॉर्न म्हणजे मोठ्या, गोल वळलेल्या शिंगांचा रानमेंढा, उभ्या कड्यांवर राहणारा. त्याच्या शिकारीचे परवाने इतके मोजके असतात की ते म्हाडाच्या घरांसारखे सोडतीने मिळतात. जूनमध्ये अर्ज करायचा, जुलैत निकाल. नाव लागलं नाही तर खात्यात एक गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षी संधी थोडी वाढते. तीस-तीस वर्षं अर्ज करूनही नाव न लागलेली माणसं इथे सर्रास भेटतात. आणि लागलं, तर अ‍ॅरिझोनात वाळवंटी मेंढा आयुष्यात एकच मारता येतो. निकालाआधी क्रेडिट कार्डावरून पैसे वळते होतात, त्यामुळे जुलैच्या त्या दिवसांत ही सगळी मंडळी बँकेचं खातं उघडून बसलेली असतात. या आजोबांनी ३१ वर्षं अर्ज भरले होते. पैसे वळते झालेले दिसले तेव्हा आपण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडलो, असं त्यांनी मला सांगितलं.

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मी सांगलीची. शिकार म्हटलं की माझ्या मनात गुन्हाच येतो, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाच आहे, आणि असावा असं मला वाटतं. समोरच्या माणसाची इच्छा मला पटत नसेल तर मी त्याचं नीट ऐकू शकेन का, हा प्रश्न मी स्वतःला खरोखर विचारला. म्हणून मी वाचलं, इतरांना विचारलं. बेबंद शिकार, चराईने उजाड झालेली कुरणं आणि पाळीव मेंढ्यांकडून आलेला न्युमोनिया यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत हे रानमेंढे अगदी थोडे उरले होते. ते पुन्हा वाढले त्यात शिकाऱ्यांचे पैसे आणि श्रम दोन्ही आहेत. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राखला आहे. फिनिक्सच्या पश्चिमेला कोफा नावाचं अभयारण्य आहे. अ‍ॅरिझोनातल्या बालवीरांनी या मेंढ्यांसाठी मोहीम चालवली आणि १९३९ मध्ये ते उभं राहिलं. या आजोबांचे वडील त्या बालवीरांतले एक. आजोबांनी स्वतः वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी डोंगरात सिमेंट आणि पाइप वाहून नेले होते. पावसाचं पाणी पत्र्यावरून जमिनीतल्या टाकीत उतरवायचं आणि उन्हाळ्यात मेंढ्यांना प्यायला ठेवायचं, असं ते काम. त्यांचे मित्र त्या कामावरचेच. शिकारीबद्दलचं माझं मत बदललं नाही. पण समोर बसलेला माणूस मला दिसू लागला.

पहिल्या दोन भेटींत मी चुकीच्या दिशेने गेले. मला वाटलं, त्यांना मरणाची भीती आहे, पत्नीचं दुःख अजून ओलं आहे. मी त्याबद्दल विचारत राहिले, ते सभ्यपणे उत्तरं देत राहिले. तिसऱ्या भेटीत मी फक्त एवढंच विचारलं, "डिसेंबरचा बेत काय ठरलाय?" आणि त्यांचा आवाज चढला.

बेत मित्रांनी ठरवला होता. चौघे जण, सगळ्यांत धाकटा ४५ चा, रुग्णवाहिकेवर काम करणारा. चौघांनी दहा-दहा दिवसांची रजा काढली होती. आधीच डोंगरात जाऊन मेंढे हेरून ठेवायचे, आजोबांनी खाली तंबूत थांबायचं, चांगला नर सोपा सापडला की त्यांना बोलवायचं. एकाने तर माणूस पाठीवर बसवून न्यायची खुर्ची शोधून काढली होती. "मला नेतील, बसवतील, बोट दाखवतील आणि म्हणतील, मार," ते म्हणाले. "मी ३१ वर्षं यासाठी थांबलो? यांना डोंगर वाचायला मी शिकवलंय."

भीती नव्हतीच ती. अपमान होता. आणि तो बोलून दाखवता येत नव्हता, कारण समोरून येत होतं ते निव्वळ प्रेम.

मदतीने दुखावलेल्या म्हाताऱ्या माणसाची ही अडचण घरातल्यांनी फार नीट समजून घ्यायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. मारलेला टोमणा परतवता येतो. पण कुणी मायेने हातातली पिशवी काढून घेतली तर काय म्हणणार? म्हणून ते गप्प होतात, झोपत नाहीत, आणि शेवटी म्हणतात, जाऊ दे, मला यायचंच नाही. घरचे म्हणतात, बरं झालं, स्वतःच समजले. माझ्या आजीला आम्ही शेवटची दोन वर्षं असंच आळंदीला निघू दिलं नाही. तीही म्हणाली होती, "नको बाई, मलाच होत नाही."

आजोबांच्या मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. टॅग नातवाला द्यावा. अ‍ॅरिझोनात आजोबांना आपला टॅग अल्पवयीन नातवाच्या नावे करता येतो. पंधरा वर्षांच्या त्या नातवाला विचारलं तर तो म्हणाला, मी माझे अर्ज भरतोय, माझा लागेल तेव्हा लागेल. तो मार्ग तिथेच संपला. टॅग परत केला तर साठलेले गुण वाचणार होते, पण ७६ व्या वर्षी ते गुण कशासाठी वाचवायचे, हे कुणालाच सांगता येईना.

मग आजोबांच्या संमतीने मी मुलाला आणि चारही मित्रांना एका संध्याकाळी बोलावलं. एक मोठा कागद पसरला आणि त्या दहा दिवसांत करायची सगळी कामं लिहून काढायला सांगितलं. गाडी चालवणं, तंबू, पाणी, स्वयंपाक, रोज कोणत्या धारेवर बसायचं, दुर्बिणीतून तासन् तास डोंगर न्याहाळणं, कोणता नर, नेम, मांस आणि शिंगं खाली आणणं, मागे फिरायचं कधी. अर्ध्या तासात कागद भरला. आजोबांना मी विचारलं, "यातलं कोणतं काम दुसऱ्याने केलं तर ही मोहीम तुमची राहणार नाही?"

नेम त्यांचाच, ते कायद्यानेच ठरलेलं. बाकी वजनाची सगळी कामं त्यांनी एकेक करून खोडली, अगदी सहज. पाणी वाहण्यात त्यांना काडीचाही रस नव्हता. त्यांनी तीन गोष्टींभोवती गोल काढला: रोजची धार, कोणता नर, आणि मागे फिरायचं कधी. जरा थांबून चौथा गोल काढला: सकाळची कॉफी. खुर्चीवाला मित्र बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "ठीक. पाणी आम्ही उचलू, मेंढा तू निवड."

मुलगा मात्र हलला नव्हता. त्याची भीती मी तोडून तोडून विचारली. पडतील याची? काही अंशी. हृदयाची? काही अंशी. "बाबा दमले तरी सांगणार नाहीत. कधीच सांगत नाहीत." ही भीती खरी होती, आणि आजोबांनीही ती नाकारली नाही. 'बरं वाटतंय ना?' या प्रश्नाला त्यांच्या पिढीचा पुरुष 'हो' एवढंच म्हणतो, मग छातीत काही का होत असेना. म्हणून तो प्रश्नच बंद केला. रुग्णवाहिकेवाल्या मित्राने दर वीस मिनिटांनी थांबा पुकारायचा, आणि थांबायचं सगळ्यांनी, सॅक खाली ठेवून. विश्रांती म्हाताऱ्यासाठी नाही, तुकडीची पद्धत म्हणून. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तरच निघायचं, मोबाइलला रेंज नसते म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र बरोबर घ्यायचं, आणि रोज रात्री मुलाला एक निरोप, हेही त्याच कागदावर मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'जाऊ नका'च्या जागी त्याला आता अटी मिळाल्या होत्या.

सप्टेंबरपासून पहाटे, ऊन तापायच्या आत, ते शहरातल्याच साउथ माउंटनवर चढू लागले. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून चढायचं आणि वर पोचल्यावर पाणी ओतून टाकायचं, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर भार नाही. झोप दुसऱ्या आठवड्यात परत आली. त्यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

डिसेंबरची गोष्ट त्यांनी मला जानेवारीत सांगितली, दोन तास. चौथ्या दिवशी दरीच्या पलीकडे एक भला मोठा नर दिसला, शिंगांचं पूर्ण वेटोळं झालेला. मित्रांचे श्वास अडकले. आजोबांनी दुर्बिणीतून वीस मिनिटं पाहिलं, मधली घसाऱ्याची नाळ पाहिली आणि म्हणाले, "तो माझा नाही. फिरा." कुणीही वाद घातला नाही. चौघांपैकी एकजण त्या रात्री जेवला नाही, इतकं त्याला लागलं होतं, पण बोलला नाही. हे सांगताना आजोबांचे डोळे भरून आले. मेंढा मारल्याचं सांगताना नाही आले.

आठव्या दिवशी सकाळी, कातळातल्या पाण्याच्या रांजणखळग्याजवळ, त्यांना हवा तसा एक म्हातारा नर दिसला. शिंगांची टोकं झिजून तुटलेली. सरळ चढ असता तर तासाभराची वाट होती, चोया निवडुंगाचे काटे चुकवत आणि थांबे घेत तिला साडेतीन तास लागले. एकच गोळी. नंतर बराच वेळ ते त्या जनावरापाशी एकटे बसले. मित्र दूर थांबले होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग चौघांनी दोन खेपांत मांस आणि डोकं खाली आणलं. आजोबांनी रायफल आणली आणि उतरताना दोनदा मित्राचा खांदा धरला. "धरला," ते म्हणाले, "आणि काही वाटलं नाही."

सगळं गोड झालं असं नाही. गुडघा सुजला, दोन महिने फिजिओथेरपी करावी लागली. मुलगा अजून म्हणतो की आपल्याला ती दहा रात्री झोप नव्हती. पण वन्यजीव विभागाने शिंगात क्रमांकाचा बारीक धातूचा तुकडा बसवून दिल्यावर शिंगं घरी आली, आणि आजोबांनी नातवाला वर्षांची वळी मोजायला शिकवलं. शिंगं झडत नाहीत, वर्षाला एक वळी चढते. दहा भरली. पायथ्याकडून मोजत ते एका वळीवर थांबले आणि म्हणाले, "या वर्षी तुझी आजी होती."

डोंबिवलीच्या त्या मुलीला मी ही गोष्ट लिहून पाठवली आणि म्हटलं, बाबांना हो किंवा नाही काहीच सांगू नकोस. आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा. मग बाबांना आणि त्यांच्या मित्रांना घरी जेवायला बोलाव, कागद पसर, कामं लिहायला लाव, आणि गोल कुठे काढायचे ते बाबांवर सोड. तुझ्या अटीही त्याच कागदावर लिही, तुझ्या अक्षरात.

तिचं उत्तर परवा आलं. बेत जानेवारीचा ठरलाय. वाट पाचनईची, तीच त्यातल्या त्यात सोपी. सॅक, पाणी, मुक्कामाचं सामान मित्रांकडे. बाबांनी दोनच गोल काढले: कड्याच्या काठाशी पालथं झोपून खाली बघणं, आणि उतरायची वेळ. 'मी येऊ का असं विचारलं,' तिने लिहिलंय. 'बाबा म्हणाले, ये, पण तुझी सॅक तुझी तू उचलायची.'