दुबार पेरणी आणि घाईची एंट्री

भाऊ, चार्ट बरोबर वाचूनही एंट्रीच, म्हणजे सौद्यात शिरायची वेळच, का चुकते, असं विचारलंस. डॉलर-रुपयाच्या वायद्यात डॉलर पडेल ही तुझी दिशा बरोबर होती. घाई नडली.

आपल्याकडे मृगाचा शिंतोडा पडला की कापूस लावायला निघणारे असतात. मग पावसाचा खंड पडतो, दुबार पेरणी नशिबी येते. तुझं तेच झालं. पंधरा मिनिटांची कॅन्डल (तेवढ्या वेळातली भावाची चाल दाखवणारी चार्टवरची कांडी) दहाव्या मिनिटाला सपोर्टखाली, म्हणजे भाव जिथे टेकून वर वळतो त्या पातळीखाली, दिसते, आणि बंद होताना लांब शेपटी सोडून वर येते. ती बंद होईपर्यंत हात माऊसवरून काढ. मी तर उठून चहा ठेवायचो, जळगावच्या मे महिन्यातसुद्धा!

खरा त्रास पुढे आहे. थांबलास आणि भाव निघून गेला, तर तोट्यापेक्षा जास्त जळजळ होते. त्या भरात माणूस पार खाली जाऊन विकतो; स्टॉपलॉस, म्हणजे तोटा कापून बाहेर पडायचा भाव, लांब पडतो, म्हणून तो लावतच नाही. मी एकदा असंच केलं, वर वसुलीसाठी लगेच दुप्पट लॉट (सौद्याचे ठरलेले गठ्ठे) विकले. कितीत पडलं ते घरी अजून सांगितलेलं नाही.

लॉट १००० डॉलरचा. दहा पैसे उलटे गेले की लॉटमागे १०० रुपये. हा आकडा एंट्रीआधी वहीत लिही, छाती किती धडधडते तेही.

आणि रिझर्व्ह बँकेचा २०२४ चा खुलासा लक्षात ठेव: डॉलर-रुपयासारख्या रुपयाच्या जोडीत सौद्यामागे खरी डॉलरची देणी-घेणी हवी. तुझी केळीच्या निर्यातीच्या कंटेनरची डॉलरमधली बिलं आहेत, तेवढ्यापुरतंच विक.