रंगाचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी बाहेर काढा

प्रश्न: मी मे अखेरीस माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. चिपळूणजवळ 1991 साली बांधलेलं जांभ्याचं घर आहे, तळमजला आणि वर एक मजला. बाहेरून शेवटचा रंग 2012 साली दिला, तोही सिमेंट पेंट. आता पेंटरने 2,15,000 रुपये सांगितलेत. दहा वर्षं वॉरंटीचा रंग आहे, पश्चिमेच्या भिंतीला आतून येणारी ओलही थांबेल, असं तो म्हणतो. 10 जुलैला फंड, ग्रॅच्युइटी वगैरे मिळून 31 लाख जमा झाले. 22 लाखांची एफडी केली, 3 लाख बचत खात्यात आहेत आणि 6 लाख बँकेतल्या मॅडमनी सुचवलं म्हणून विमा असलेल्या एफडीत घातले. त्यात पाच वर्षांत रक्कम दुप्पट होते, शिवाय दरवर्षी 40 हजार मिळतात. मुलगा म्हणतो, 13 टक्क्यांनी पर्सनल लोन घ्या, हप्ते त्या 40 हजारांतून जातील. मला वाटतं एफडी मोडावी. पेन्शन 41,000 आहे. कागदांचे फोटो सोबत पाठवतो आहे.

उत्तर: सर, तुमचं पत्र 14 ऑगस्टला आलं आणि त्याच रात्री तुम्हाला मेल केला. तोच मजकूर इथे देतोय, कारण असं पत्र मला दर पंधरवड्याला एक तरी येतं.

तुम्ही घेतलीत ती एफडी नाहीच, ती विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत वरून पाचवी ओळ बघा: प्रीमियम भरण्याची मुदत 10 वर्षं, हप्ता वार्षिक. म्हणजे हे 6 लाख एकदा भरून मोकळं होण्याचे नाहीत. पुढच्या जुलैत परत 6 लाख, त्याच्या पुढच्या जुलैत परत 6. असे दहा वेळा, एकूण 60 लाख. तुमची पेन्शन वर्षाला 4 लाख 92 हजार. सगळी पेन्शन ओतली आणि घरात चूल पेटवली नाही, तरी हप्त्याला लाखभर कमीच पडतात.

आता प्रपोजल फॉर्मचा फोटो मोठा करून बघा. व्यवसाय: ‘स्वतःचा उद्योग’. वार्षिक उत्पन्न: 15 लाख. खाली सही तुमची. तीस वर्षं मुलांना ‘प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा’ सांगितलंत, आणि इथे उत्तर दुसऱ्याने लिहिलं व पेपरवर तुम्ही सही केलीत. रागावू नका, मी तुमच्यापेक्षा त्या फॉर्म भरणाऱ्यावर जास्त चिडलोय. निवृत्त माणसाचं खरं उत्पन्न लिहिलं असतं तर ही पॉलिसी मंजूरच व्हायला नको होती, म्हणून तर ते लिहिलं नाही.

पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात. अशा पारंपरिक पॉलिसीचा परतावा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतो, तोही सगळे हप्ते भरून शेवटपर्यंत थांबलात तर. आणि दरवर्षीचे 40 हजार? तुम्ही 6 लाख द्यायचे आणि त्यातले 40 हजार त्यांनी तुम्हाला परत करायचे, असा तो हिशोब आहे. दुसरा हप्ता चुकला की तेही आटतं. पहिल्या वर्षानंतर पॉलिसी सोडली तर हातात काहीतरी येईल, पण 6 लाखांपेक्षा बरंच कमी.

सुदैवाने अजून वेळ आहे. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. विम्याचं तेवढ्या दिवसांचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा होतो, बाकी सगळी रक्कम परत. तुमच्याकडे टपाल 26 जुलैला आलं, म्हणजे पत्र लिहिलंत तेव्हा 19 दिवस संपले होते. उरले 11. मात्र तीच पॉलिसी आधी मेलवर आली असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजले जातील. मेल मुलाच्या पत्त्यावर गेलाय का, हे त्याला आजच विचारा.

अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा, बँकेत नाही. ‘फ्री लुक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे, कारण एकरकमी ठेव सांगून वार्षिक हप्त्याची पॉलिसी दिली’, एवढं दोन ओळींत लिहा. मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तोच अर्ज कंपनीच्या मेलवरही टाका. मग बँकेतून फोन येईल. आधी ‘सर, तुमचं नुकसान होईल’, नंतर ‘मॅनेजर रजेवर आहेत, सोमवारी या’. सोमवार, मंगळवार करत तीस दिवस निघून जावेत, एवढाच त्या रजेचा उपयोग. कंपनीने अर्ज घ्यायला टाळाटाळ केली तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, त्यापुढे विमा लोकपाल आहेतच.

आता तुमचा मूळ प्रश्न.

लोनचा विचार सोडा. 2,15,000 रुपये, 13 टक्के, पाच वर्षं: हप्ता साधारण 4,900, नुसतं व्याज 78 हजार. वर्षाला 59 हजार भरायचे आणि ते 40 हजारांतून जातील म्हणे. चिरंजीवांना कागद-पेन्सिल द्या.

एफडीही रंगासाठी मोडू नका. परत येणाऱ्या सहातले 2 लाख घरासाठी बाजूला ठेवा. दिवाळीपर्यंत तुमच्याकडे बाहेरून रंग देताच येणार नाही. भादव्यात परांची बांधून ओल्या भिंतीवर रंग मारणारा पेंटर भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पाऊस गेल्यावर भिंत महिनाभर उन्हात सुकू द्या.

ओल रंगाने थांबत नाही. आधी गच्चीवर चढा. कोबा कुठे फुटलाय, पाण्याच्या पाइपाचं तोंड पानांनी तुंबलंय का, कठड्याच्या बुडाशी भेग आहे का, ते बघा. पश्चिमेच्या प्लास्टरवर किल्लीने ठोका. पोकळ आवाज आला तिथलं प्लास्टर उतरवून नवीन करावं लागेल. मग जुन्या रंगावर तळहात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो सिमेंट पेंट खरवडून, शेवाळं धुऊन आणि प्रायमर लावूनच पुढचे दोन हात मारायचे. नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे निघतील, आणि वॉरंटीचा कागद दाखवलात की कंपनीचा माणूस म्हणेल, भिंतीत ओल होती, आमचा रंग चांगलाच आहे. त्या दहा वर्षांत गळती आणि ओल सहसा धरलेली नसते. कोकणातली पावसाची बाजू चार-पाच वर्षांत परत हात मागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

पेंटरने चौरस फुटाला 55 रुपये लावलेत, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ 3,900 चौरस फूट झालं. तुमचं घर 36 बाय 30, घेर 132 फूट. उंची 22 धरली तर 2,900. कठड्याची आतली बाजू 400, छज्जे 200. झाले 3,500. वरचे 400 फूट कुठले? खिडक्या-दारं मी वजा केलेलीच नाहीत. त्याच्यासमोर टेप धरून मोजा, 22 हजार वाचतील, ते गच्चीच्या कामाला लावा. खरवडणं, प्रायमर आणि परांची त्या 55 मध्येच आहे का, हेही लिहून घ्या.

उरलेल्या 4 लाखांत एफडीतले 10 लाख घालून सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका. निवृत्त झालेल्याला साठीच्या आतही ती मिळते, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. तुमची मुदत 10 ऑक्टोबरला संपते, शाळेकडून निवृत्तीचा दाखला आत्ताच मागून ठेवा. 8.2 टक्क्यांनी 14 लाखांवर दर तिमाहीला 28,700 खात्यात येतील. एफडी मोडायचा दंड एकदाच काही हजारांचा, सात टक्क्यांच्या तुलनेत जास्तीचं व्याज मात्र या 10 लाखांवर वर्षाला 12 हजार. तेव्हा ही एफडी मोडायची, पण रंगासाठी नाही. बचत खात्यातल्या 3 लाखांना हात लावू नका, ते दवाखान्याचे. तिमाहीच्या व्याजातून महिन्याला अडीच हजारांचं आरडी घराच्या नावाने सुरू करा, पुढच्या रंगाला पुन्हा मला पत्र लिहायला लागणार नाही.

शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो मात्र पाठवा. तो येईपर्यंत रंगाचं शेडकार्ड उघडू नका.