गवत कापणाऱ्या मशीनची नाटकं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मृग लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ट्रॅक्टर मागे पडतो आणि लॉन मोवर पुढे येते. हिरवळ आठ दिवसांत घोट्याची गुडघ्याला येते, आणि मशीनला नेमका तेव्हाच रुसवा सुचतो.

प्रश्न : दिवाळीनंतर अंगणातली फोर-स्ट्रोक मोवर कोठ्यात ठेवली होती. आता सुरूच होऊन नाही राहिली. दोरी ओढून ओढून खांदा गेला बाप्पा! नवीन कार्बोरेटर घेऊ का?
— एक वाचक, दारव्हा (यवतमाळ)

उत्तर : आधी खांद्याला सुट्टी द्या. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग, बहुतेक धड आहे, नासलंय ते त्यातलं पेट्रोल. सहा-सात महिने, त्यात आपला मे महिना! पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे उरलेला चिकट थर पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य जेटच्या बारीक भोकात बसतो. शिवाय हल्ली पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल फार झाली की पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं.

खात्री करून घ्यायची तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात अर्धा चमचा ताजं पेट्रोल टाका, फिल्टर परत लावा आणि दोरी ओढा. मशीन दोन-चार सेकंद चालून बंद पडली, म्हणजे ठिणगी ठीक आहे, पेट्रोल पोचत नाही. काहीच झालं नाही तर ठिणगी पाडणारा प्लग काढून घासा आणि त्याच्या टोकाची फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास आहे का पाहा.

पेट्रोल पोचत नसेल तर प्लगची टोपी काढून ठेवा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा बोल्ट खोला. बहुधा १० नंबरचा पाना लागतो. वाटी उतरवताना रबरी रिंग जपा, ती गवतात पडली की संध्याकाळ तिच्या शोधात जाते. मधल्या खांबात खालून पितळी जेट दिसेल. तो काढून कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा आणि वायरीतला तांब्याचा एकच तंतू भोकातून फिरवा. सुई किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग मशीन पेट्रोल पिते नि काळा धूर ओकते. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच.

पुढच्या दिवाळीला टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वाटी कोरडी राहिली की पुढचं रामायण टळतं. ऑइल १०-डब्ल्यू-३०, साधारण अर्धा लिटर, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या पट्टीचा. दर ५० तासांनी किंवा हंगामाला एकदा बदला. पातं पाहायला मशीन आडवी करताना प्लग आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला हवेत. उलट केलं तर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि पांढरा धूर पाहून शेजारी बादली घेऊन येतात.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर वापरतो. दहा मिनिटांत त्याचा जोर जातो. शेजारचे म्हणतात, ऑइल वाढव. किती वाढवू?
— एक वाचक, मोर्शी (अमरावती)

उत्तर : थेंबही नको. माहितीपुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, ५०:१ असेल तर २० मिली. ऑइल जास्त घातलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, आणि जास्तीचं ऑइल नीट न जळता कार्बन धरतं. शेजाऱ्याचं प्रेम समजतं, पण मोजायला औषधाची सिरिंज घ्या, बाटलीचं झाकण नको.

दहा मिनिटांनी जोर जातो, ही खूण कामाची आहे. मशीन ढिली पडली की टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि जोर परतला, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल कमी होतं तशी आत हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीच पेट्रोल धरून ठेवते. झाकण धुऊन फुंकर मारा, खर्च शून्य.

तसं नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाची बारीक जाळी पाहा. कार्बनने ती बंद होते आणि धुराला वाट मिळत नाही. काढून वायर ब्रशने घासा आणि परत बसवा. काही मिस्त्री ती कायमची काढून फेकतात. उन्हाळ्यात वाळल्या गवतात एक ठिणगी पडली की बांधच नव्हे, अख्खी बाग पेटते. सायलेन्सर खोललाच असेल तर पिस्टन वर आणून भोक झाकून घ्या आणि कडेचा कार्बन लाकडी काडीने खरवडा. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, दोन थेंब ऑइल चोळून पिळा.

पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसल्याने पाना आणि बोटं दोन्ही सोलून निघतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो : पात्याऐवजी लावायची नायलॉनची दोरी संत्र्याच्या बुंध्याला लागू देऊ नका. साल फाटली की त्या जखमेतून डिंक्या रोग शिरतो. बुंध्याभोवती दीड-दोन फूट विळाच बरा. दोरी फार तुटत असेल तर रात्रभर पाण्यात भिजत घाला. उन्हाने वाळलेलं नायलॉन कडकडीत होतं, पाणी शोषलं की लवचिक राहतं.

प्रश्न : पावसाळ्यात मोवरची छोटी चाकं चिखलात रुततात. पोराच्या जुन्या सायकलची चाकं लावली तर?
— एक वाचक, साकोली (भंडारा)

उत्तर : लावा, पोराला विचारून. पण गणित आधी करा. मूळ चाक ८ इंची आणि सायकलचं १२ इंची असेल तर त्रिज्या २ इंचांनी वाढते, म्हणजे डेकही (पात्यावरचं कवच) २ इंच वर उचलला जातो आणि पातं गवताचे नुसते शेंडे कुरतडतं. म्हणून नवा एक्सल डेकवर २ इंच वर बसवावा लागतो. त्यासाठी ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बाहेरून लावा. बोल्टचं डोकं आत आणि नट बाहेर, उलटं केलं तर बोल्टचं टोक पात्याला भेटतं. शेवटी प्लगची टोपी काढून पातं हाताने पूर्ण फिरवून पाहा.

फक्त मागची चाकं मोठी केली नि एक्सल हलवला नाही, तर मशीन नाक खाली घालून जमीन खरवडते. पुढची कड मागच्यापेक्षा ५ मिलिमीटर खाली, याहून जास्त नको. ओली माती डेकला आतून चिकटते, म्हणून काम झाल्यावर खरवडून जळक्या ऑइलचा हलका हात फिरवा. आणि खरं सांगायचं तर एक दिवस उघाड मिळेपर्यंत थांबणं सगळ्यात स्वस्त.

प्रश्न : विजेची मोवर घराजवळ चांगली चालते, कुंपणापाशी गेली की रडते. मोटर गेली का?
— एक वाचक, सेलू (वर्धा)

उत्तर : मोटर नाही, वायर बारीक आहे. १४०० वॅटची मोवर साधारण ६ अँपिअर घेते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ६० मीटर वायरीत २६ व्होल्ट वाटेतच जातात. गावात मुळात १९० येत असतील तर मशीनच्या वाट्याला १६५ सुद्धा उरत नाहीत, मोटर तापते आणि एक दिवस वास येतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या, घट पाचेक व्होल्टवर येते. लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवाच, आणि ओल्या गवतात मशीन काढूच नका.

प्रश्न : सायलेन्सर आणि गव्हर्नर काढून मोवरचा जोर वाढवता येईल का? बुलेटसारखा आवाज आला तर अजून मजा. सध्या मशीन थरथरते पण फार.
— एक वाचक, वणी (यवतमाळ)

उत्तर : आवाज येईल, जोर येणार नाही, आणि दुपारी झोपलेलं सगळं आवार तुमच्या दारात येईल. १८ इंची पात्याचं टोक मिनिटाला ३००० फेऱ्यांना ताशी सुमारे २६० किलोमीटरने धावतं. फेऱ्यांना लगाम घालणारा गव्हर्नर काढून ४५०० फेऱ्या झाल्या तर ३८८. त्या वेगाने उडालेला मुरमाचा खडा चप्पल बघत नाही.

थरथर मात्र आजच थांबवा. प्लगची टोपी काढा, डेकमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून पात्याचा बोल्ट खोला. मोवरमध्ये तो बहुतेक साध्या आट्याचाच असतो. पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्याला लटकवा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिलाच कानस मारा. मूळ उतार, साधारण ३० अंश, तसाच ठेवा. वस्तऱ्यासारखी धार काढली तर पहिल्याच खड्याला कड मोडते. पातं समतोल असूनही थरथर राहिली, तर पातं काढलेलं असतानाच दोरी हळू ओढा आणि शाफ्टचं टोक पाहा. ते डुलत असेल तर क्रँकशाफ्ट वाकलाय. ‘ठोकून सरळ करून देतो’ म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजा आणि मशीन घेऊन घरी या.