अँटेना फिरवायचा रोटेटर टॉवरच्या पायथ्याशी बसवला तर चालेल का?

चालतो. तुमचा टॉवर ४० फुटांचा, नागपुरात गच्चीवर, आणि दुरुस्तीला वर चढायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग हाच मार्ग बरा. नवतप्यात तापलेल्या लोखंडावर लटकून नट सोडवणं कुणालाच नको.

फक्त मग टॉवरच्या आतून खालपासून वरपर्यंत फिरणारा पाइप लागतो आणि खरी मेख त्यातच आहे. लांब पाइप पिळला जातो. वाऱ्याचा झटका त्यात जिरतो, त्यामुळे रोटेटरचे दाते वाचतात. पण पाइप बारीक असेल तर कंट्रोलर (रोटेटर चालवायचा, दिशा दाखवणारा डबा) एक दिशा दाखवतो आणि अँटेना भलतीकडेच डोलत असते. पाइपच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर पीळ साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून इतवारीच्या लोहा ओळीत पाइप घेताना पैसे व्यासावर घाला. जोडांना आरपार बोल्ट हवेत, नुसत्या क्लॅम्पवर विसंबू नका.

पाइप आणि अँटेनाचं वजन रोटेटरवर टाकू नका, त्याखातर खाली थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे उभं वजन पेलणारं बेअरिंग, द्या. वर एक बेअरिंग, मध्ये दर दहा-बारा फुटांवर एखादा बुश, म्हणजे पाइपला आधार देणारी कडी. सगळं ओळंब्यात हवं, नाहीतर मोटर अडखळते.

केबलला वरच्या टोकाशी सैल वळसा ठेवा. आणि आकाशातून पडणाऱ्या विजेचं विसरू नका: बेअरिंगमधून अर्थिंग होतं असं धरू नका, पाइप ते टॉवर लवचिक तांब्याची वेणी जोडा.