खाऊच्या खोक्यावर चित्र काढण्याआधी

मुलांच्या खाऊच्या खोक्यासाठी तुम्ही काढलेली स्केचेस छान आहेत, पात्रात जीव आहे. पण रंगवायला बसण्याआधी छापखान्याकडून डायलाइन, म्हणजे उलगडलेल्या खोक्याचा सपाट आराखडा, मागून घ्या. खोका कुठे दुमडतो, कुठे चिकटतो हे त्यावरच कळतं. नवखे लोक सपाट कागदावर सुंदर चित्र काढतात आणि मग पात्राचा डोळा नेमका घडीवर येतो.

सध्या एवढं सांभाळा:

- दर्शनी बाजूवर एकच पात्र, तेही मोठं. प्राणी, फुगे, इंद्रधनुष्य असं सगळं कोंबलं की दुकानाच्या फळीवर काहीच उठून दिसत नाही.
- घटक, पोषणमूल्यं, ॲलर्जीची सूचना आणि बारकोड यांची जागा आधीच राखा. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, तिथे वेलबुट्टी नको.
- फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत), ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), कडेने ३ मिमी ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र). स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत मंदावतो.

चित्रात फळ दाखवलंत तर ते पदार्थातही असायला हवं. मुलं चित्रावर विश्वास ठेवतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग खऱ्या मापात प्रिंट काढा, कापा, दुमडा, चिकटवा आणि एखाद्या मुलाच्या हातात द्या. त्याची नजर आधी कुठे जाते ते बघा. फॉइल (चमकदार पत्र्यासारखा थर), वार्निश (छपाईवरचा चकचकीत लेप) वगैरे नंतर पाहू.