वजन वाढतंय म्हणून गोळी बंद करू नका, पण गप्पही बसू नका

प्रश्न: आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी तिला बायपोलर डिसऑर्डर (कधी उन्माद म्हणजे अति उत्साह, तर कधी खोल नैराश्य येणारा मूडचा आजार) असल्याचं निदान झालं. ओलान्झापिन हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू झाल्यावर तिला झोप लागू लागली, ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. पण चार महिन्यांत तिचं वजन अकरा किलोने वाढलं. परवा तिच्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेल्या गोळ्या सापडल्या. डॉक्टर म्हणतात, आधी मूड स्थिर राहू दे. आम्ही इथे एकटेच आहोत, भारतात घरच्यांना आजाराबद्दल काहीच सांगितलेलं नाही. काय करावं?

ताई, आधी त्या गोळ्यांचं बघू. लेकीवर ओरडू नका. किती दिवस गोळी चुकली एवढं शांतपणे विचारा आणि आजच डॉक्टरांकडे फोन करून कळवा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम देऊ नका, पुढचा डोस कसा द्यायचा ते त्यांनाच विचारा. ओलान्झापिन अचानक तुटलं की झोप उडते, मळमळतं, अस्वस्थ वाटतं, आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. रात्र रात्र जागून ती ताजीतवानी दिसायला लागली, बोलण्याचा वेग वाढला, किंवा ‘जगून काय उपयोग’ असं काही बोलली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी तातडीच्या सेवेकडे न्या.

आता वजनाविषयी. तिला लागते ती भूक खरी आहे, हे आधी तुम्ही दोघांनी मान्य करा. ओलान्झापिन मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या ज्या रिसेप्टरांना (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना) अडवतं, त्यांचा पोट भरल्याची जाणीव होण्याशी थेट संबंध आहे. त्यामुळे भरपेट जेवून तासाभरात तिला पुन्हा भूक लागते, आणि ती मनाच्या निर्धाराने आवरत नाही. 2009 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 4 ते 19 वयाच्या, ओलान्झापिनच्या गटातली औषधं पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलांचं वजन पाहिलं होतं. साधारण अकरा आठवड्यांत ओलान्झापिनवरच्या मुलांचं वजन सरासरी 8.5 किलोने वाढलं, क्वेटियापिनवर 6.1, रिस्पेरिडोनवर 5.3 आणि अरिपिप्राझोलवर 4.4 किलोने. औषध न घेतलेल्या मुलांचं वाढलं जेमतेम 0.2 किलो. हे आकडे लेकीला दाखवा. ‘मी आळशी आहे, माझा ताबा राहत नाही’ असं ती मनात धरून बसली असेल, तर कुणी समजावण्यापेक्षा हे आकडे तिला जास्त पटतील.

‘आधी मूड स्थिर राहू दे’ हे डॉक्टरांचं म्हणणं पहिल्या काही आठवड्यांपुरतं बरोबरच होतं. मूल झोपत नाही, स्वतःला इजा करून घेईल अशी भीती आहे, तेव्हा पटकन काम करणारं औषध द्यावंच लागतं. पण आता सहा महिने झाले, आणि मुलगी गोळ्या लपवते आहे. म्हणजे वजनाचा प्रश्न आता उपचार टिकणार की नाही याचाच प्रश्न झाला. माझं स्पष्ट मत आहे की पुढच्या भेटीत हा विषय सर्वांत आधी यावा. आपल्याकडे डॉक्टरांना उलट विचारायला संकोच वाटतो. इथे तो बाजूला ठेवा. अमेरिकेत ओलान्झापिनच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे की किशोरवयीन मुलांमध्ये वजन आणि रक्तातली चरबी जास्त वाढू शकते, म्हणून डॉक्टरांनी आधी इतर औषधांचा विचार करावा. तेव्हा हा प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

साध्या शब्दांत विचारा: हेच औषध चालू ठेवायचं तर डोस कमी करता येईल का? कमी वजन वाढवणारं दुसरं औषध तिला चालेल का? लुरासिडोन आणि झिप्रासिडोनने वजन तुलनेने कमी वाढतं. अरिपिप्राझोलही त्यातच मोजतात, पण मुलांमध्ये त्यानेही वाढतं, हे वरच्या आकड्यांत दिसलंच. लॅमोट्रिजिनने सहसा वजन वाढत नाही, मात्र त्याचा डोस फार हळूहळू वाढवावा लागतो, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवावं लागतं आणि उन्मादाच्या झटक्यात ते कामाचं नाही. व्हॅलप्रोएटने वजन वाढतं, पाळी बिघडू शकते आणि गर्भाला गंभीर धोका असतो, म्हणून मुलींना ते शक्यतो देत नाहीत.

औषध बदलायचं ठरलंच, तर एक कमी करत दुसरं वाढवायला काही आठवडे जातात. तो काळ नाजूक असतो. परीक्षा तोंडावर असताना किंवा भारतात जायच्या आठवड्यात हा बदल सुरू करू नका. वेळेच्या फरकाने झोप मोडणं हेही बायपोलरमध्ये झटका यायला पुरेसं ठरू शकतं.

लुरासिडोनची एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ते किमान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं. रिकाम्या पोटी घेतलं तर जवळजवळ निम्मंच शरीरात जातं. वजनासाठी मुलीने गुपचूप रात्रीचं जेवण सोडलं आणि गोळी मात्र रोज घेतली, तरी उपचार अर्धवट होतो आणि घरात कुणाला कळतही नाही. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधावर असलेल्या मुलांची गोष्ट याहून गंभीर. मीठ एकदम तोडणं, उपाशी राहणं, पाणी कमी पिणं, खूप घाम गाळणं यांनी रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. शिवाय लिथियमने तहान लागते. ती साध्या पाण्याने भागवायची. गोड पेयांनी भागवली तर वजन आणखी वाढतं. थायरॉईडही मंदावू शकतो, त्याची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायला हवी.

म्हणून क्रॅश डाएट नको, आणि कुणी पाठवलेली वजन उतरवण्याची पावडर किंवा काढा तर मुळीच नको. नैसर्गिक लिहिलेल्या अशा उत्पादनांत उत्तेजक किंवा लघवी वाढवणारे घटक असू शकतात. पहिल्याने उन्माद उसळू शकतो, दुसऱ्याने लिथियम चढतं.

मेटफॉर्मिनबद्दल जरूर विचारा. मधुमेहाचं हे जुनं औषध अशा वजनवाढीसाठी मुलांनाही दिलं जातं. फरक पडतो तो काही किलोंचा, चमत्कार होत नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून हळूहळू वाढवतात, आणि बरीच वर्षं घेतलं तर बी-12 तपासत राहावं लागतं.

तपासण्या झाल्या आहेत का ते फाइल काढून बघा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 मध्ये सुचवलेलं वेळापत्रक आजही उपयोगी आहे: औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल. मग 4, 8 आणि 12 आठवड्यांनी वजन, बाराव्या आठवड्यात पुन्हा रक्ताच्या तपासण्या. यातलं काही राहिलं असेल तर ते करून द्यायला सांगा. दक्षिण आशियाई लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो. परदेशातल्या डॉक्टरांच्या हे लक्षात असेलच असं नाही, म्हणून आजी-आजोबा, काका, आत्या, मामा यांच्यापैकी कुणाला मधुमेह आहे ते आपणहून सांगा. घरात कुणाला मूडचा आजार होता का आणि त्याला कोणतं औषध लागू पडलं, हेही सांगा. ही माहिती बहुतेक मराठी घरांत दडवलेली असते, आणि औषध निवडताना नेमकी तीच हवी असते.

तिची मान मागून एकदा पाहा. वळ्यांमध्ये काळपट, मखमली पट्टा दिसला तर तो मळ समजून घासायला लावू नका. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. सारखी तहान, वारंवार लघवी, थकवा आणि त्यात उलट्या, पोटदुखी किंवा धाप दिसली तर साखर त्याच दिवशी तपासायला हवी.

घरात काय करायचं, ते सगळ्यांसाठी सारखंच करा. लेकीच्या ताटात वेगळं आणि धाकट्याच्या ताटात वेगळं, असं नको. गोड पेयं घरातूनच बंद होऊ देत. गोळी रात्री असेल तर त्यानंतर लागणाऱ्या भुकेसाठी काय खायचं ते दिवसाच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी तिला ठरवता येणार नाही. व्यायाम तिच्या आवडीचा आणि शक्यतो दिवसा, म्हणजे झोप मोडणार नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी वजन पुरे, रोज नको. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, चोरून खाणं, दिवसभर उपाशी राहणं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. खाण्याचे आजार बऱ्याचदा याच वयात सुरू होतात.

व्हिडिओ कॉलवर कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, केवढी जाडी झालीस!’ त्या एका वाक्यावर मुलं गोळ्या सोडतात. आजार सांगायचा की नाही, कुणाला आणि किती, हे लेकीला विचारून ठरवा. पण आजीला आणि मावशीला आधीच बजावा: ‘तिची तब्येत जरा बरी नाही, औषधं चालू आहेत. तिच्या दिसण्यावर कुणीही बोलायचं नाही.’ तरीही कुणी बोललं तर तिच्यासमोरच त्यांना थांबवा. आपली आई आपल्या बाजूने बोलली, हे तिला ऐकू यायला हवं.

पुढच्या भेटीआधी तिला तीन गोष्टी स्वतःच्या हाताने लिहायला सांगा: या औषधाने काय बरं झालं, काय सहन होत नाही, आणि काय बदललं तर ती गोळी रोज घेईल. तो कागद तिनेच डॉक्टरांना द्यावा. सुरुवातीची दहा मिनिटं तिला त्यांच्याशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.