गोटी सोडा कुणाचा?

प्रश्न : पुण्याहून नातू ‘रामुने’ नावाचं जपानी गोड पेय घेऊन आला. बाटलीत गोटी! असा सोडा आम्ही सेलूत लहानपणापासून पितो. कुणी कुणाचं उचललं?
– एक आजी, सेलू

उत्तर : आजी, दोघांनीही इंग्रजाचं उचललं. हायरम कॉड नावाच्या माणसानं १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. भरताना बाटली उलटी धरतात. गॅसच्या दाबानं गोटी गळ्यातल्या रबरी चकतीला घट्ट बसते, बूच लागतच नाही. जपान्यांच्या तोंडी ‘लेमोनेड’चं ‘रामुने’ झालं. चव लिंबाची, पण गोडच गोड. काळ्या मिठाची सवय असलेल्या माझ्या जिभेला ते मिळमिळीत लागलं, खरं सांगते.

परभणीच्या स्टँडसमोर सोडावाला गोटी खटकन दाबायचा नि फेस माझ्या शाळेच्या फ्रॉकवर! रामुनेसोबत त्यासाठी प्लास्टिकचा दट्ट्या येतो. नातवानं फेकला नसेल तर बाटली टेबलावर ठेवून तो तळहातानं जोरात दाबा आणि फेस बसेपर्यंत हात उचलू नका. पिताना गळ्यावरचे दोन खळगे खालच्या बाजूला ठेवा, गोटी तिथं अडकते. नाहीतर घोटाघोटाला तोंडाशी येऊन बसते मेली.